तीन किलोमीटरची गाडी

जुनी फोर-बाय-फोर शोधतेय असं ऑफिसात सांगितलं, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या फोनवर स्पितीचे अकरा फोटो आले. सगळ्यांत गाडी पांढरी, डोंगर करडे, आणि पाण्याचा फवारा दोन्ही बाजूंना सारखा उडालेला. मला स्पिती हवंच होतं, खोटं कशाला बोलू. बातल ते लोसर हा रस्ता मी नकाशावर बोटानं इतक्या वेळा चालवलाय की कुंझुमची वळणं मला पाठ झालीत. पण गाडी घ्यायचं कारण वेगळं होतं. वेल्ह्याच्या पलीकडे, तोरण्याच्या मागच्या अंगाला तीन किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे आणि त्याच्या शेवटी आमची आजी राहते.

गेल्या वर्षी जुलैत तिला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ती अंथरुणातून उठेना. वाडीतल्या चौघांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि तिला डांबरापर्यंत आणलं. रुग्णवाहिका वेळेवर आली होती, डांबरावर उभी होती. पुढचा चिखल तिच्या चाकांचं काम नव्हतं. तीन किलोमीटरला पावणेदोन तास लागले. आजी बरी झाली. परत आल्यावर तिनं तक्रार एवढीच केली की छत्री वरून धरतात आणि पाणी खालून येतं, पाठ भिजते. पुण्यात यायला ती तयार नाही. हा विषय आमच्या घरात वीस वर्षं निघतोय आणि वीस वर्षं एकाच उत्तरापाशी संपतोय.

‘ऑफरोड’ हा शब्द मला तेव्हापासून जरा विनोदी वाटतो. रस्ता असलेली माणसं हौसेनं तो सोडून जातात, पैसे खर्चून जातात, वर त्याचे व्हिडिओ करतात. वाडीत लोक फक्त घरी जातात. तिथला एक पोरगा मागच्या चाकांवर चालणारी साधी पिकअप चालवतो. पावसाच्या सुरुवातीला तो मागच्या हौद्यात खताची चार पोती टाकतो, म्हणजे मागच्या ॲक्सलवर वजन येऊन चाकं पकड धरतात. एवढ्या भांडवलावर तो जूनच्या मध्यापर्यंत वर येतो. त्यानंतर गणपतीपर्यंत वाडीत चाक येत नाही. मला जी गाडी हवी होती ती या अडीच महिन्यांसाठी.

माझ्यासोबत गाड्या बघायला आप्पा होते. आप्पा एसटीत एकतीस वर्षं चालक होते, त्यातली निम्मी घाटात. बोनेट उघडायच्या आधी ते गाडीभोवती एक फेरी मारतात आणि टायर बघतात. चारही टायर आतल्या बाजूनं झिजले असतील तर बोनेट उघडायचे कष्टच घेत नाहीत. आमचं बजेट आठ लाख, त्यातले दीड लाख दुरुस्तीसाठी बाजूला. हे दीड लाख आप्पांनी आधीच वेगळे काढायला लावले. जुन्या गाडीची किंमत दोनदा मोजायची असते असं त्यांचं म्हणणं, एकदा विकणाऱ्याला आणि एकदा गॅरेजवाल्याला.

थोडं यंत्राचं सांगते, कारण गंडवागंडवी इथेच होते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. म्हणून दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल असतं, ते दोघांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देतं. डांबरावर हे छान चालतं. चिखलात मात्र ज्या चाकाला पकडच नाही तेच चाक ते गरागरा फिरवत बसतं आणि ज्याच्याखाली चांगला दगड आहे ते चाक ढिम्म हलत नाही. फोर-बाय-फोरमध्ये पुढच्या ॲक्सललाही ताकद जाते, पण तिथेही असंच एक डिफरन्शियल असतं. त्यामुळे पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी अधांतरी झालं, तर ‘4x4’ असं मागे लिहिलेली गाडीसुद्धा निमूट उभी राहते. यावर उपाय म्हणजे डिफरन्शियल लॉक, किंवा फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणारं ट्रॅक्शन कंट्रोल. तेही नसेल तर चाक कुठे टाकायचं हे कळणारा चालक.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे लो रेंज. ट्रान्सफर केसमध्ये गिअरांची आणखी एक जोडी असते. ती लावली की गाडी माणसाच्या चालीनं चालते आणि ताकद कितीतरी पटीनं वाढते. चढाचं सगळे बोलतात. मला ती उतारासाठी हवी होती. ओल्या तांबड्या मातीच्या उतारावर ब्रेक दाबला की चाक थांबतं आणि गाडी थांबत नाही. लो रेंजच्या पहिल्या गिअरात ब्रेकला पाय न लावता इंजिनच गाडीला धरून ठेवतं. आप्पांनी मला कात्रजच्या जुन्या घाटात शिकवलं होतं, ज्या गिअरात चढलीस त्या गिअरात उतर. हे त्याचंच पुढचं पाऊल. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांवर ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ असं लिहिलेलं असतं आणि लो रेंज नसते. त्या आमच्या यादीतून पहिल्या दिवशी बाद.

मग उरतं काय? शिडीसारख्या चॅसिसवर बांधलेली, लो रेंज असलेली, पाच-सहा माणसं आणि एक आडवी आजी मावेल अशी मोठी गाडी. शेवटच्या अटीमुळे जिम्नी गेली, थार गेली. आईचे गुडघे आणि तीन दारांची थार यांचं जमलं नसतंच. उरलेल्या चार-पाच गाड्या भारतात कुणालाही पाठ असतील. पहिल्या पिढीची फॉर्च्युनर, २००९ साली आलेली, तीन लिटरचं इंजिन, फोर-बाय-फोर कायम चालू. तिच्यात खोट काढणं कठीण, फक्त जुनी झाली तरी तिची किंमत उतरत नाही. २०१६ ची एन्डेव्हर, पाच सिलिंडरचं ३.२ लिटर इंजिन, आठशे मिलिमीटर पाण्यातून जाईल असं कंपनी सांगायची. मी तिच्या प्रेमात होते. पण ती बजेटच्या पार बाहेर होती आणि फोर्डनं २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं बंद करायचं ठरवलं, त्यामुळे सुट्या भागांची पुढच्या दहा वर्षांची चिंता. पजेरो स्पोर्ट, चालवायला सुरेख, पण वेल्ह्यात कुणी तिचं बोनेट उघडलंय असं ऐकिवात नाही. स्कॉर्पिओ, चारचाकी ड्राइव्हची, जुन्या बाजारात फार थोड्या. आणि सफारी.

सफारीबद्दल एक सूचना. २०२१ नंतरची सफारी ही नावानं सफारी आहे. ती मोनोकॉक आहे, म्हणजे वेगळी चॅसिस नाही, आणि फक्त पुढच्या चाकांवर चालते. १९९८ पासून २०१९ पर्यंत जी विकली गेली ती वेगळी. तिची शेवटची पिढी म्हणजे २०१२ साली आलेली स्टॉर्म. सैन्यानं जिप्सीच्या जागी हिरव्या रंगात घेतली ती हीच.

आम्ही एकूण सात गाड्या बघितल्या. सगळ्यांचं सांगत नाही.

पहिली दिल्लीची होती, दिसायला झकास, किमतीत दीड लाखाचा फरक. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ साली हरित लवादानं बंदी आणली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या धडधाकट डिझेल गाड्या इतर राज्यांत स्वस्तात उतरू लागल्या. यात लबाडी काहीच नाही. पण स्वस्ताईचा हिशोब नीट करावा लागतो. तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र हवं, इथला रोड टॅक्स नव्यानं भरायचा, तिकडे भरलेल्याचा परतावा मागत बसायचं, नंबर बदलून घ्यायचा. हे सगळं मांडलं तेव्हा दीड लाखातले चाळीसेक हजार उरले. तरीही घेतली असती. पण आप्पांनी खाली वाकून बघितलं आणि मला हाक मारली. ‘पुढचा दांडा कुठाय?’ फोर-बाय-फोरमध्ये ट्रान्सफर केसपासून पुढच्या ॲक्सलपर्यंत एक प्रोपेलर शाफ्ट जातो. इथे नव्हताच. मागच्या दारावरची ‘4x4’ ची पट्टी बाजारातून आणून चिकटवलेली होती. विकणारा म्हणाला, मॅडम, तुम्हाला रोज कुठे लागणार आहे? तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या बाजारात फोर-बाय-फोर हा दागिना आहे, लग्नाला घालायचा.

दुसरी गाडी वासानंच गेली. आत एवढं अत्तर मारलं होतं की डोळे चुरचुरले. असं असलं की सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा. बाहेरचा पट्टा धुता येतो, आत गुंडाळलेला कुणी धूत नाही. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर सुकलेल्या गाळाची रेघ होती. सीटखालच्या रुळांना गंज. गाडी कुठल्यातरी पुरात बुडून आली होती. हिचं इंजिन सुरू होत होतं, एसी गार होता, आणि दोन वर्षांनी एकेक वायर कुजायला लागली असती.

तिसरीचा मालक माझ्याच वयाचा, बोलायला फार गोड. वर उचललेलं सस्पेन्शन, स्नॉर्केल, पुढे विंच, छतावर दिव्यांची माळ. याच्या गाडीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण गाडी खरोखर चालली होती, दगडांवर चढली होती. तीच अडचण. चॅसिसवर पुढच्या आर्मजवळ वेल्डिंगचा जाड टाका होता, वरून काळा रंग. पुढच्या डिफरन्शियलचं तेल थोडं काढून बघितलं तर दुधाळलेला चहा. आत पाणी गेलं होतं आणि तसंच चालवलं होतं. शिवाय २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कंपनीच्या मूळ रचनेत असे मोठे बदल केलेली गाडी म्हणजे आरटीओत आणि विम्याच्या दाव्यात कटकट. माझं मत असं झालंय की ऑफरोडसाठी जुनी गाडी घ्यायची तर ऑफरोड न गेलेलीच घ्यावी. डॉक्टरांच्या, प्राध्यापकांच्या गाड्या बघाव्यात. चिखल आपण आपला लावावा.

याच सुमारास कोकणातल्या एका किनाऱ्यावर भरतीत अडकलेल्या एसयूव्हीचा व्हिडिओ फिरत होता. दर सुट्टीत एक येतो. आप्पांनी तो तीनदा बघितला आणि मग फोन खाली ठेवून विचारलं, ‘आपली गाडी उभी कुठं राहणार?’

सोसायटीत, मी म्हटलं. पार्किंग आहे ना.

‘म्हणजे गाडी धायरीत आणि म्हातारी तिकडं. तिला रात्री दोनला त्रास झाला तर तू उठणार, अडीच तास चालवणार, मग ते तीन किलोमीटर. तोवर चौघं झोळी घेऊन खाली पोचलेले असतील.’

मी पुष्कळ बोलले. पावसाळ्यात दर शनिवारी जाईन, असं काहीतरी. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती घरी पाळणाघर चालवते, नऊ मुलं आहेत, तिला पुणे सोडता येत नाही. थोड्या वेळानं तीच बाहेर येऊन म्हणाली, ‘यांना जायचंय तिकडे. एवढंच आहे ते. गाडीचं निमित्त.’ आप्पा टीव्हीकडे बघत राहिले.

तर यादी पुन्हा लिहावी लागली. आता गाडी माझी नव्हती. हप्ता माझा, नाव माझं, गाडी वाडीची. चालवणार त्रेसष्ट वर्षांचा माणूस, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला, रात्री समोरच्या दिव्यानं दिपणारा. ऑटोमॅटिक नको, कारण बॅटरी उतरली की तिला ढकलून सुरू करता येत नाही. ज्या गाडीचा क्लच, बेअरिंग, डिझेल फिल्टर नसरापूरला नाही तर भोरला मिळेल अशीच हवी. एन्डेव्हरचा फोटो मी फोनवरून काढून टाकला. खरं तर काढला नाही, दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकला.

सातवी गाडी साताऱ्याची. २०१६ ची सफारी स्टॉर्म, फोर-बाय-फोर, एक मालक, एक लाख आठ हजार किलोमीटर. मालक निवृत्त पशुवैद्य. सर्व्हिसची सगळी बिलं वर्षवार लावलेली, अगदी वायपरच्या रबराचंसुद्धा. कागदपत्रं ‘वाहन’च्या पोर्टलवर ताडून घेतली: नोंदणीची तारीख, विमा, थकीत दंड, कर्जाचा बोजा. टायर मूळचेच होते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. इथे ‘१२१६’ होतं. नक्षी शिल्लक होती पण रबर खडक झालेलं. टायर बदलायचे हे तिथेच ठरलं आणि त्यावर पंचवीस हजार कमी झाले.

या गाडीत गिअरच्या दांड्याऐवजी फोर-बाय-फोरची गोल खटकी आहे. आठ वर्षांत मालकांनी ती जेमतेम चारदा फिरवली असेल. न वापरलेली फोर-बाय-फोर हीसुद्धा एक चिंताच असते, कारण आतली मोटर जागच्या जागी अडकून बसते. शेतातल्या मोकळ्या मातीत गाडी घेतली. खटकी फिरवली, डॅशबोर्डवरचा दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि स्थिर झाला. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवली. गाडी अवघडल्यासारखी, अडखळत वळायला लागली. कोरड्या जागी पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना ओढतात, म्हणून असं होतं. नवख्या माणसाला वाटेल काहीतरी बिघडलंय. आम्हाला त्याचाच आनंद झाला. यामुळेच ही खटकी कोरड्या डांबरावर लावायची नसते. मग गाडी थांबवून लो रेंज लावली, बांधाच्या चढावर पहिल्या गिअरात क्लच सोडला, ॲक्सिलरेटरवर पाय नाही. गाडी बैलासारखी मान खाली घालून चढली. आप्पांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. भाव करताना दिसूही द्यायचं नसतं.

मग मी मागे जाऊन आडवी झाले. मधली सीट दुमडून पुढे टाकली, मागच्या समोरासमोरच्या दोन छोट्या सीटा वर केल्या आणि टेपनं लांबी घेतली. पशुवैद्यांनी विचारलं, कॅम्पिंगला जाता का? मी आजीचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, आत गेले आणि एक जाड रबरी चटई घेऊन आले. गाडीतून वासरं न्यायचे तेव्हा खाली घालायचे म्हणे. ‘धुतलेली आहे,’ एवढंच म्हणाले. ती आम्ही ठेवून घेतली. आजीला वासरांचं सांगितलेलं नाही.

स्टॉर्ममध्ये एक गोष्ट मला अजून पटत नाही. जुन्या सफारीचं जादा चाक मागच्या दारावर असायचं. हिचं गाडीच्या पोटाखाली आहे. चिखलात पंक्चर झालं तर आधी चिखलात आडवं व्हायचं. आप्पांनी यावर पिकअपवाल्या पोराकडून दोरखंड, फळ्या आणि एक छोटा हायड्रॉलिक जॅक घेऊन ठेवलाय.

सहा लाख दहा हजारांना व्यवहार झाला. टायर, क्लच, सस्पेन्शनची बुशं, सगळी तेलं आणि एक बॅटरी मिळून एक लाख तेरा हजार. फॉर्म एकोणतीस आणि तीस भरून गाडी नावावर झाली. महाराष्ट्रात खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे हिला २०३१ पर्यंत वेळ आहे. त्यानंतर तपासणी, पुन्हा नोंदणी, हरित कर. आजी तेव्हा नव्वदीत असेल.

रात्रीचा प्रश्न पिकअपवाल्या पोरानं सोडवला. त्याच्याकडे परवाना आहे आणि नजर शाबूत आहे. आप्पांनी त्याला पंधरा दिवस रोज संध्याकाळी लो रेंजमध्ये तोच उतार उतरायला लावला. त्याला वाटत होतं हे फार हळू आहे. विम्याच्या एजंटला मी विचारून घेतलं, मालकाच्या परवानगीनं परवानाधारक कुणीही चालवलं तर विमा लागू होतो. फक्त कुणाकडून भाडं घ्यायचं नाही. खाजगी नोंदणीच्या गाडीनं पैसे घेऊन माणूस नेला आणि काही झालं तर कंपनी हात वर करायला मोकळी. वाडीतले लोक डिझेलचे पैसे पुढे करतात तेव्हा आप्पांना हे प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं आणि कुणालाही ते पटत नाही. मग लोक तांदूळ आणून ठेवतात. नाचणी आणतात. एकदा कोंबडी.

वाटेत एक ओढा आहे, घरापासून अलीकडे तीनशे पावलांवर. मुसळधार पडला की तो गुडघ्याच्या वर जातो. पाण्यातून जाण्याच्या कंपनीच्या आकड्यावर आप्पांचा विश्वास नाही, वाहतं पाणी गाडीला बाजूनं ढकलतं हे त्यांनी घाटात पाहिलंय. अशा दिवशी गाडी अलीकडच्या फणसाखालीच राहते. ते पहाटे उठून आधी ओढा बघून येतात. गाडीचं तोंड कायम डांबराकडे.

एसटीतल्या सवयीनं त्यांनी वही ठेवली आहे. तारीख, वेळ, किलोमीटर, कोण, कशासाठी. परवा मी गेले तेव्हा वाचली. जून ते ऑगस्ट एकोणीस फेऱ्या. दोन बाळंतपणाच्या, त्यातली एक रात्री सव्वा वाजता, चालक म्हणून पोराचं नाव. एक विंचू. एक भाजलेलं मूल. दहावीच्या पुरवणी परीक्षेला तीन मुली. रेशन दोनदा. आजीच्या नावावर एकच फेरी आहे, दात काढायला. ती पुढे बसून गेली, मागे आडवी व्हायला तिनं साफ नकार दिला.

आई आता रविवारी तिकडे जाते, सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत. वही वाचून होईपर्यंत आप्पांनी मला कामाला लावलं. पुढच्या उजव्या चाकातून आवाज येतोय, बेअरिंग असेल, गणपतीच्या आधी बघायला हवं. मी पार्टचा नंबर लिहून घेतला. नसरापूरला नाहीये, भोरला उद्या येतो म्हणालेत.